बहात्तर अंगठ्यांची पावती

राजापेठ, अमरावती
१४ जानेवारी १९६३

मा. अध्यक्ष,
वऱ्हाड बंदीमुक्त साहाय्य मंडळ, अकोला, यांस,

वरचा मायना मंडळाच्या नियमाप्रमाणे आहे, खालचं पत्र माझ्या स्वभावाप्रमाणे. अकरा वर्षांत मी तुला एकदाही दादा म्हणून लिहिलं नाही. आजही ते पत्र हे नव्हे. मंडळाची मानद चिटणीस मंडळाच्या अध्यक्षाला लिहिते आहे, एवढंच समज. मानद म्हणजे बिनपगारी, हे तुझ्यासारख्या निवृत्त सरकारी वकिलाला सांगायला नको.

आज संक्रांत. तुझा कारकून मोरोपंत दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, अकोल्याहून तिळगूळ आला. त्याने पिशवीत हात घातला आणि टाईप केलेला कागद काढला. त्यावर तुझी सही आधीच झालेली होती. मजकूर असा, की सुटलेला बंदी सहदेव यास सरकारी अनुदानातून दीडशे रुपयांची सुतारकामाची हत्यारे देण्यात आली, सदर इसमाने ती परस्पर विकून खाल्ली, आणि मंडळाची फसवणूक झाली. खाली माझ्या सहीला भरपूर जागा सोडली होती. तुझा स्वभाव उदार नाही, पण अशा जागा तू नेहमीच मोकळ्या हाताने सोडतोस.

"याच्यानं सगळ्याईचंच भलं होते, बाई," मोरोपंत म्हणाला. "आक्षेप मिटते, पुढच्या सालचं अनुदान सुटते."

"आणि सहदेवचं?"

"त्याचं काय बाई, तो तं आधीच जेलात जाऊन आला."

मोरोपंत वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाटतं, की एकदा काळ्या झालेल्या कापडावर आणखी शाई सांडली तर बिघडत नाही. मी त्याला तिळगूळ दिला, चहा दिला, आणि कागद मात्र सही न करता ठेवून घेतला.

आक्षेप कशावर आहे ते तू वाचलं असशीलच. नसशील तर सांगते, कारण वाचून सही करायची तुझी पद्धत नाही. पुण्याच्या लेखापरीक्षकांनी विचारलं होतं, "पावतीत नमूद केलेले रोडगे, नग तीनशे, हे सुतारकामातील कोणते हत्यार आहे?" मी खरं उत्तर पाठवलं. रोडगा हे हत्यार नाही. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. दोन दिवसांचा शिळा असेल तर हत्यार म्हणून चालावा. या उत्तरानंतर आक्षेप 'किरकोळ' या सदरातून निघून 'गंभीर' या सदरात गेला.

मी सही करणार नाही. वहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांच्याशी माझं भांडण कधीच नव्हतं.

विमल


३ फेब्रुवारी १९६३

मा. अध्यक्ष यांस,

तुझं पत्र पोचलं. दीड पानात तू 'खूळ' हा शब्द चार वेळा वापरला आहेस. सरकारने हत्यारांसाठी दिलेल्या पैशांत गावजेवण घालण्याचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं, असं विचारतोस. सांगते.

सहदेव तुला आठवत असेल. सेशन कोर्टात त्याच्यावरचा खटला तूच चालवलास. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, चुलतभावाशी जुंपली, कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात बसला, भाऊ गेला. तू दहा वर्षं मागितलीस, कोर्टाने सात दिली. तू तुझं काम केलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुरुंगात तो सुतारकाम शिकला. असा शिकला, की त्याने केलेल्या सांध्यात सुईचं टोक शिरत नाही. सुटून शेंदूरजनाघाटजवळच्या आपल्या गावी गेला. तिथे बायको कौतिका आणि मुलगी, दोघी सात वर्षं वाट बघत होत्या. गाव मात्र वाट बघत नव्हतं. संत्र्याच्या हंगामात त्या भागात पेट्या ठोकायला माणूस मिळत नाही. तरी व्यापाऱ्याने याला काम दिलं नाही, कारण हा मांडवात बसला तर बाकीचे उठून जातील.

तो माझ्याकडे आला. मी नियमाप्रमाणे म्हटलं, करवत, रंधा, पटाशी, सगळं घेऊन देते. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "करवत देता तं द्या, बाई. पन लाकूड कोन देईन मले? माह्या हातचं पानी कोनी पेत नाई, तं माह्या हातची पेटी कोन घेईन?"

"मग काय पाहिजे तुला?"

"पंच म्हनून राहिले, एक पंगत दे. जात जेवली तुह्या दारी, की झालं."

मी जातपंचायतीला काय समजते ते तुला ठाऊक आहे. चार म्हातारे, एक चिलीम, आणि दुसऱ्याच्या घरचं तूप. पण दादा, (हा शब्द चुकून पडला, खोडत नाही) मला तेव्हा दिसलं ते एवढंच. या माणसाचं पहिलं हत्यार करवत नव्हे. लोक त्याच्या दारी बसून जेवतात, हे त्याचं पहिलं हत्यार. ते हातात असेल तर करवत तो उसनी आणील. नसेल तर सोन्याची करवत दिली तरी ती गंजेल. पंच वर दंडही मागत होते. त्याला मी नाही म्हटलं. जेवा म्हटलं, पण गल्ला मांडू नका.

गेल्या माघात पंगत झाली. रोडगे भाजायला बाहेरून एक माणूस आणला होता. त्याचं नाव तुला सांगण्याची गरज नाही. बहात्तर पानं बसली. पहिल्या पानावर मी बसले, मास्तरीणबाई बसली म्हटल्यावर कोणी कुरकुर करणार नाही म्हणून. सहदेव वाढत होता. वाढायची इतकी घाई, की वरण पानापेक्षा धोतरांवर जास्त पडलं.

आता पावतीचं. नियम नववा: 'अनुदानाचा लाभ प्रत्यक्ष ज्याने घेतला त्याची सही अथवा अंगठा घ्यावा.' सहदेवने त्या दिवशी एक घास खाल्ला नाही. खाल्लं बहात्तर जणांनी. मग लाभ कोणी घेतला? मी लांबलचक कागद काढला, शाईची गादी काढली, आणि हात धुवायच्या आधीच एकेकाचा अंगठा घेतला, शेजारी नाव लिहिलं. पंचांतल्या खुशालराव पाटलांना सही येते. पण त्यांची बोटं वरणात होती, म्हणून त्यांनीही अंगठाच उमटवला. चौथा अंगठा त्यांचा. त्यात शाई कमी आणि वरण जास्त आहे.

"कशाले पाह्यजे, बाई, अंगठा?" त्यांनी विचारलं.

"सरकारला कळवायचं आहे, की तुम्ही जेवलात."

"सरकारले काय करा लागते आमच्या जेवनाचं?" म्हणत ते हसले, आणि दाबला अंगठा.

ती पावती वर्षभराच्या कागदांबरोबर तुझ्याकडे आली होती. तू गठ्ठ्यावर सही केलीस आणि दोरी बांधलीस. तेव्हा खूळ आपल्या दोघांच्या सहीने मंजूर झालेलं आहे, अध्यक्ष महाशय.

विमल


२७ फेब्रुवारी १९६३

मा. अध्यक्ष यांस,

चौकशीला खात्याने नवे प्रोबेशन अधिकारी पाठवले. देवमन नाव, वय तिशीच्या आत, नागपूरला शिकलेले. मी त्यांच्यासाठी चार धारदार वाक्यं घासून ठेवली होती. ती तशीच परत म्यानात गेली.

आम्ही एसटीने गावात गेलो. सहदेव मांडवात बसून पेट्या ठोकत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, आणि एक जण त्याच्याच लोट्यातलं पाणी प्यायला. मला वाटलं, झालं, आता साहेब लिहितील की योजना यशस्वी. देवमननी मांडवाला एक फेरी मारली. मग त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, पंचांना विचारलं, आणि एकटेच गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत जाऊन आले. परतीच्या एसटीत त्यांनी मला विचारलं,

"बाई, त्या पंगतीत खालच्या वस्तीतलं कोणी होतं का?"

"नाही."

"बोलावलं होतं?"

"मी विचारलंच नाही," मी म्हटलं. हे कबूल करताना माझा आवाज कसा झाला असेल याची तू कल्पना कर. तुला ते ऐकायला फार आवडलं असतं.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी या पंगतींच्या उष्ट्यावर दिवस काढले. छप्पन साली आम्ही ती पंगतच सोडली. अन तुमी सरकारच्या पैशानं तिले पुन्हा पाट मांडून दिला." एरवी शुद्ध बोलणारा माणूस, राग आल्यावर वऱ्हाडीत उतरला. मला तो राग आवडला आणि लागलाही.

मी म्हटलं, "मग अहवालात लिहा तसं."

"लिहीनच."

त्यांनी लिहिलं. नक्कल मला दाखवली. तीनच वाक्यं आहेत: 'सदर जेवणामुळे इसम गावात टिकला व कामास लागला. सदर जेवणास गावातील बौद्ध वस्तीस बोलावले नव्हते. दोन्ही बाबींची नोंद घ्यावी.'

तुझ्या टाईप केलेल्या कागदापेक्षा ही तीन वाक्यं मला जड वाटतात. पण खरी आहेत. खऱ्याचा मार खायला मी तयार आहे. खोट्याचा आधार मला नको.

विमल


१८ मार्च १९६३

दादा,

मायना बदलला आहे. आज जे सांगायचं आहे ते अध्यक्षाला सांगता येत नाही.

तुझी तार मिळाली. 'एकतीसपूर्वी सही, नाहीतर राजीनामा.' खात्याचंही पत्र आलं. आक्षेपाचा खुलासा आणि मूळ पावती एकतीस मार्चच्या आत रवाना झाली नाही तर पुढच्या वर्षाचं अनुदान थांबेल. या वर्षी सुटणारे अकरा जण माझ्या यादीत आहेत. एकाला शिवणयंत्र हवं, एकाला न्हाव्याची पेटी, एकाला फक्त घरी जायचं गाडीभाडं आणि तिथे गेल्यावर दार उघडणारं कोणीतरी.

तुला वाटत असेल, विमल ताठ मानेने बसली आहे. बसले नव्हते. रविवारी मी तो टाईप केलेला कागद पिशवीत घालून सहदेवच्या गावी गेले. अकरा जणांसाठी एकाचं नाव, असा हिशेब मी मनात मांडला होता. तुझीच बहीण आहे, तो हिशेब मलाही येतो. वाटलं, त्याला समजावून सांगावं. कागद पुण्यात पडून राहील, गावात कोणाला कळणार आहे.

त्याच्या दारात पोचले तर अंगणात घोंगडी अंथरलेली, माणसं जमलेली. मुलीची सोयरीक ठरत होती. मुलाकडचे मोर्शीहून आलेले. आणि नेमके खुशालराव पाटील मधे बसून सांगत होते, "पोरगी चांगली आहे, पन पाहुने, तुमी पाहून घ्या बाप्पा. हा मानूस जातीत आहे का नाई, याचं अजून पक्कं नाई." का, तर सहदेवने त्यांच्या मळ्यातलं काम सोडून व्यापाऱ्याचं धरलं होतं.

पाहुणे उठायला लागले. कौतिका दारात पदर तोंडाला लावून उभी. सहदेव उठला. आत गेला, आणि पावती घेऊन आला. मूळ पावती. पंगतीनंतर चार दिवसांनी त्याने माझ्याकडून मागून नेली होती, तुझ्याकडे आली ती मी केलेली नक्कल. हेही तुला आजच कळतं आहे, कारण तू गठ्ठा सोडून बघितला नाहीस. त्याने तो लांब कागद घोंगडीवर पसरला आणि म्हणाला,

"पाटील, हा चौथा अंगठा कोनाचा होय?"

पाटलांनी बोटं धोतराला पुसली.

"वरनाचा डाग अजून आहे त्याच्यावर. तुमी तीन रोडगे खाल्ले होते. चौथा मांगला, तो मी वाढला."

पाहुण्यांतला एक म्हातारा वाकून बघायला लागला. "अन हा सातवा आपल्या मोतीरामजीचा दिसते, मामाचा," तो म्हणाला. मग एकेक अंगठा, एकेक नाव, बोट फिरवत तो खालपर्यंत गेला. शेवटी वर बघून म्हणाला, "सारं गाव जेवलं, तं आता काहून बोलता, पाटील?"

सोयरीक ठरली. गूळ वाटला. मी माझ्या पिशवीवर हात दाबून बसले होते, जणू तिच्यातून साप बाहेर पडेल.

सगळे गेल्यावर मी तो कागद काढून सहदेवला वाचून दाखवला. का, ते विचारू नकोस. ज्याच्याविषयी लिहिलं आहे त्याला न सांगता सही करणं मला जमलं नाही, आणि सही न करण्याचं धैर्यही तोवर पुरतं झालं नव्हतं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला,

"मानूस मी मारला, बाई. नाई कुठं म्हनतो? त्याचे सात वर्स भोगून आलो. पन चोर नाई मी. जे केलं नाई ते कशाले अंगावर घेऊ?" पुढे म्हणाला, "त्या अकरा जनाइसाठी पाह्यजे असन तं तुमी करा सही. मी तुमाले काही म्हननार नाई. पन हा पावतीचा कागद मी देनार नाई. पोरीचं लगन आहे."

मी त्याच्याच चुलीत तो टाईप केलेला कागद घातला. कागद चांगला होता, पटकन पेटला. तुझी सही सगळ्यात शेवटी जळली.

विमल


३० मार्च १९६३

दादा,

आज टपालात टाकलं ते तुला कळावं म्हणून.

खात्याला मी लिहिलं: रोडगे खाल्ले गेले, लोकांनी खाल्ले, मी खाऊ घातले. हत्यारे दिली नाहीत, म्हणून ती विकली जाण्याचा प्रश्न येत नाही. मूळ पावती सध्या वापरात असल्यामुळे पाठवता येत नाही. नक्कल सोबत आहे, प्रोबेशन अधिकाऱ्यांचा अहवालही वाचावा, त्यातलं दुसरं वाक्य विशेषेकरून, कारण ती चूक माझी आहे, सहदेवची नाही. दीडशे रुपये वसूल करायचे असतील तर माझ्या पगारातून करावेत. अनुदान थांबवायचं असेल तर थांबवावं, पण कारणाच्या रकान्यात 'फसवणूक' लिहू नये, 'जेवण' लिहावं.

राजीनामा देत नाही. फुकट काम करणाऱ्याला काढून टाकणं फार अवघड असतं. तू प्रयत्न करून बघ. अकरांपैकी तिघांची सोय मी आणि शाळेतल्या दोन बायांनी लावली आहे. आठांसाठी तुझ्या दारी येईन. तुला सवय करून घ्यावी लागेल.

आता एक गोष्ट, जी मी फेब्रुवारीत लपवली. रोडगे भाजायला बाहेरून आणलेला माणूस बंडू होता.

होय, आपला धाकटा भाऊ बंडू. सेमाडोहला जंगलखात्याच्या लाकूडआगारात तो सहा वर्षं मोजणीदार आहे. मला पत्ता माहीत होता. तू विचारला असतास तर सांगितला असता. तू विचारलं नाहीस. बावन्न साली तुझ्या ताराच्या लग्नात, जिनिंग कारखान्यातल्या अफरातफरीची दोन वर्षं भोगून तो महिनाभरापूर्वी सुटून आलेला असताना, तू त्याचं पान व्याह्यांच्या नजरेआड मागच्या पडवीत मांडायला लावलंस. तो पानासमोर उभा राहिला, त्याने पान अर्धं मुडपलं, आणि मागच्या दाराने निघून गेला. तू तेव्हा वऱ्हाड्यांना आग्रह करत होतास. मीही करत होते. हे मी तुला कधी म्हटलं नाही. त्या दिवशी मीही बर्फीचं ताट घेऊन पुढच्या पंगतीत फिरत होते, आणि मागे गेले नाही. मंडळ मी का चालवते, हे तू लोकांना 'तिला समाजसेवेची हौस' असं सांगतोस. नीट सांगत जा.

पंगतीच्या दिवशी शेवटच्या अंगठ्यासाठी मी त्याच्यापुढे कागद धरला. म्हटलं, तुला सही येते, सही कर. तर म्हणाला, "सहीनंच फसलो होतो, ताई. अंगठाच बरा." बहात्तरावा अंगठा त्याचा आहे. शेजारी नाव मी लिहिलं, आपल्या आडनावासकट. नकलेतही ते आहे. तू दोरी बांधलीस त्या गठ्ठ्यात तो वर्षभर तुझ्याच कपाटात होता.

सहदेवच्या मुलीचं लग्न बारा मेला आहे. मी सहदेवला सांगितलं, यायचं तर एका अटीवर येईन, खालची वस्ती याच पंगतीत बसली पाहिजे. तो हसला. हा माणूस हसतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाला, "सात वर्स जेलात साऱ्याइच्या पंगतीत जेवलो, बाई. मले काय सांगता, पंचाइले सांगा." मग पंचांना आम्ही दोघांनी सांगितलं. दोघे तिघे रुसले आहेत, खुशालराव त्यांत पहिले. सात जणांनी येत नाही म्हणून कळवलं. देवमन येतो म्हणाले, पण अट घातली, की पहिल्यांदा वस्तीतल्या म्हाताऱ्यांना मी स्वतः जाऊन बोलवायचं, निरोप धाडायचा नाही. गेले. एका आजीने मला अर्धा तास उन्हात उभं ठेवलं आणि मग बस म्हटलं. बरोबर केलं तिने.

बंडू दोन दिवस आधी येणार आहे, गोवऱ्या रचायला. त्याच्या डावीकडचं पान मी रिकामं ठेवायला सांगितलं आहे. पडवी त्या घराला नाही, मी बघून घेतलं आहे.

अकोल्याहून पहाटेची एसटी आहे, अमरावतीला बदलावी लागते. अहेर आणू नकोस, भाषण आणू नकोस, मोरोपंताला आणू नकोस. नवा कागद मी आणला आहे, पहिल्यापेक्षा लांब. शाईची गादीही आणीन.

अंगठा तेवढा तुझा तू आण.

तुझी,
विमल